मामाजीच्या पायाचा अंगठा

माह्या सासऱ्याच्या हातात दोन एक्के आले का त्यायच्या उजव्या पायाचा अंगठा हालाले लागते.

हे साऱ्या गल्लीले माहीत आहे. पानठेलेवाल्या तिवारीजीले माहीत आहे. त्यायच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या वासूले माहीत आहे. माह्या बायकोले, मंदाले, तं लहानपणापासून माहीत आहे. दूधवाला एकदा दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, घ्याले उंबरठ्यावर उभा होता, तेवढ्यात त्यालेही समजलं. फक्त ज्याचा अंगठा आहे त्याले पत्ता नाही.

मामाजी सतरंजीवर मांडी घालून बसते. चेहरा एकदम सरकारी. खिडकीतून तुमचा अर्ज वापस देताना जसा असते ना, तसा. डोळ्यात काही नाही, मिशीत काही नाही. वरून पाहाल तं वाटंन का ह्या माणसाच्या हातात पत्ते नाही, कोणाच्या तरी मयताचा दाखला आहे. अन् खाली, लुंगीच्या काठाजवळ, थो अंगठा. टुकटुक, टुकटुक. मालक घरी आल्यावर कुत्र्याची शेपटी हालते तसा.

मंग मामाजी घसा खाकरते अन् म्हणते, "गर्दी कमी करा."

आता मी कोण, ते सांगतो, म्हणजे तुमाले मामाजीची थोडी कीव येईन. माहं नाव नथ्थू. मी त्यायचा एकुलता एक जवाई. शाळेत मी जात होतो, म्हणजे शाळा आमच्या घराच्या अन् तलावाच्या मधात होती, पोहाले जाताना तिच्यावरून जा लागे. गांधीबागेच्या कापडबाजारात एका जिन्याखाली माही मशीन आहे. तयार शर्टायले काज-बटण करतो. म्हणजे चांगल्याभल्या कापडाले भोक पाडतो, अन् मंग थेच भोक बंद कराले बटण लावतो. जन्मभराचं कर्तृत्व एवढंच. मंदा म्हणते का देवानं तुमच्या डोक्यालेही एक काज केलं, फक्त बटण लावाचं विसरला.

मामाजी म्हणजे शेषराव झोडे. पाटबंधाऱ्याच्या हापिसात बडे बाबू होते. आताही आहे, फक्त हापिस त्यायले आत येऊ देत नाही. त्यायच्या टेबलासमोर कधी रांग लागली नाही, हे ते लय अभिमानानं सांगते. त्याचं कारण असं का सकाळी जो पहिला माणूस येईन त्याले ते असा सवाल विचारत का मागचे सगळे ऐकूनच घरी जात.

"मूळ प्रत आहे का?"

"आहे ना, साहेब."

"मंग ह्या मूळ प्रतीची मूळ प्रत?"

पहिला माणूस रडकुंडीले ये. मागचे चार जण चपला घालत. मामाजी म्हणते, "काम झपाट्यानं होत होतं." काम होत नव्हतं. लोक घरी जात होते.

पहिले आमी रविवारी रमी खेळत होतो, मामाजीच्याच घरी. मंग वासूनं पोकर आणलं. वासू मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काही तरी करते. का करते ते त्यानं मले लय वेळा समजावून सांगितलं, अन् मीही लय वेळा "वा" म्हटलं. खेळ मात्र सोपा आहे. मले आला, म्हणजे पाहा. हरएकाले दोन-दोन पत्ते, लपवून. मधात सतरंजीवर पाच पत्ते हळूहळू उघडत जाते, थे सगळ्यायचे. आपले दोन अन् मधातले पाच मिळून ज्याचं भारी जुळलं त्याचा डाव. एक जोडी असली तं बरं, दोन जोड्या असल्या तं त्याहून बरं. मधात मधात बोली वाढवता येते. ज्याले झेपत नाही त्यानं पत्ते फेकाचे अन् मच्छर मारत बसाचं.

पैसे लावाले सासूबाईची मनाई होती. म्हणून मी बटणं आणली. जिन्याखाली दुसरं आहेच का? शर्टाचं बारीक बटण म्हणजे चिल्लर, त्याहून मोठं पॅन्टाचं, त्याहून मोठं कोटाचं. अन् शेरवानीचं एक सोनेरी बटण, कोण्या तरी नवरदेवाच्या मापाचं उरलेलं, थे सगळ्यात भारी. थे मामाजीनं पहिल्याच दिवशी आपल्याकडं ठेवून घेतलं. ज्येष्ठतेनुसार, म्हणे.

एक दिवस वासू म्हणे, "काका, हातात दोन एक्के आले ना, तरी समोर गर्दी ठेवायची नाही. पाच जण राहिले तर कोणाचा ना कोणाचा फालतू पत्ता मधल्याशी जुळतोच. म्हणून पहिलेच जोरात लावायचं. बाकीचे पळतात, एखादाच राहतो, मग एक्का भारी."

मामाजीनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"म्हणजे," ते म्हणे, "मी नोकरीभर पोकरच खेळून राहिलो होतो."

मंग त्यायनं आमाले खुलासा केला. "एक अर्जदार असला तं त्याले वापस पाठवता येते. सहा असले तं एखाद्याचा तरी साळा मंत्रालयात निघतेच. समजलं का, जवाईबापू?"

मी म्हटलं, "समजलं, मामाजी. माहा कोणी साळा नाही."

"म्हणूनच जिन्याखाली आहेस," ते म्हणे.

तेव्हापासून आमचा रविवार असा. पत्ते वाटले. अंगठा हालला. तिवारीजी, वासू, दोघायनं अंगठा पाह्यला अन् पत्ते फेकले. त्याच्यावर मामाजी घसा खाकरून म्हणे, "गर्दी कमी करा," अन् शेरवानीचं बटण मधात ठण् आपटे. कोणासाठी? गर्दी तं पहिलेच गेली होती. ह्या माणसाले वाटे का बटणाच्या धाकानं पळाले. कोणी त्याले सांगत नव्हतं. सांगितलं असतं तं त्यानं पायात मोजे घातले असते, अन् मंग आमच्याकडं राहिलं का असतं?

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून भाजी निवडत राहे. दर वेळी म्हणे, "अवं माय, बसू द्या ना सगळ्यायले. पत्ते का पळून चालले?"

"तुले खेळातलं का समजते?" मामाजी म्हणे.

"मले चहातलं समजते. दोघायसाठी मी गंज चढवत नसते."

अन् खरंच चढवत नव्हती. डावात सगळे राहिले तं चहा. मामाजीले एक्के आले का आमचा चहा बुडाला.

पत्ते न फेकणारा एकच, मी. माह्यात हिंमत आहे असं नाही. मले उठाचं समजत नाही. लग्नात लोक आंचवले तरी मी पंगतीत बसून असतो. हातात कितीही रद्दी असो, मले वाटते, पुढचा पत्ता का निघते ते तं पाहू. एकदा असाच बसलो. अंगठा जोरात, शेरवानीचं बटण मधात, अन् माह्या हातात दुर्री अन् सत्ती. ह्या खेळात त्याहून भंगार पत्ता नाही, असं वासू सांगते. मधात पहिले सत्ती निघाली. मंग शेवटी दुर्री. माह्या दोन जोड्या, मामाजीची एक्क्यायची एकच. तिवारीजी सतरंजीवर लोळले.

जेवाले बसल्यावर मामाजी मंदाले म्हणे, "मंदे, त्या माणसाले विचार, वरण पायजे का."

मी म्हटलं, "मंदे, मामाजीले सांग, पायजे."

मंदा म्हणे, "दोघंही आपल्या हातानं घ्या, मी का टेलिफोन ऑफिस आहे?"

त्या दिवसापासून माहं नाव दुर्री-सत्ती पडलं असं तुमाले वाटंन. तसं नाही. थे नाव माह्या लग्नापासूनचं आहे. फक्त तेव्हा ते मले नुसती दुर्री म्हणत.

मामाजीनं मंदाले पाहाले येणारे पोरंही असेच हाकलले होते. पोरगी शिकलेली, दिसाले चांगली, म्हणून स्थळं लय येत. हा माणूस पहिल्याच सवालात दाबे. पाव्हणे बसत नाही तेवढ्यात म्हणे, "मुलाची दहावीची मार्कशीट दाखवा. अन् बापाचीही." एक बाप तं पाणी न पिताच गेला. मामाजी खुश. म्हणे, "भारी पत्ता आहे घरात. गर्दी ठेवाची नाही."

एक दिवस माहा एक दोस्त तिले पाहाले गेला, मले संगं घेऊन. मोटरसायकल माही होती म्हणून. मामाजीनं मार्कशीट मागितली, दोस्त उठला, त्याचा काका उठला, मी राहिलो. माह्या बशीत पोहे होते, तर्री होती, अन् उठाचं आहे हे मले समजलंच नाही. मामाजी म्हणे, "तुमचे लोक गेले." मी म्हटलं, "हो, येतीन." मामाजी म्हणे, "ते येणार नाही." मी म्हटलं, "मंग त्यायचेही पोहे आणा, वाया काहून घालवता?"

आतून मंदा हसली. असं हसली का तिले ठसका लागला. सासूबाईनं बाहेर येऊन मले पुन्हा वाढलं अन् म्हणे, "बसू द्या ना ह्याले."

असा मी बसलो तो बसलोच. दोस्त माह्याशी अजूनही बोलत नाही, अन् पुढं सोयरीक कशी जुळली ते मंदा सांगंन, मले तेही नीट समजलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात मामाजी वासरावर रागवावं तसे माह्याकडं पाहत होते. "हातात एक्का घेऊन बसलो होतो," ते पाव्हण्यायले सांगत, "राजे पळाले, गुलाम पळाले, अन् ही दुर्री राहिली."

दुसरी गोष्ट काटोलची. सासूबाईनं म्हटलं, घरी खाले थोडी संत्री आणा. थोडी. मामाजी म्हणे, दुकानात लुटते, बाजारात जाऊ. मले घेतलं पिशवी धराले. बसनं काटोलले गेलो. तिथं संत्र्याचे ढीग लागते अन् ढिगाची बोली होते. माणूसभर उंच ढीग. व्यापारी भोवती उभे. मामाजीनं गर्दी पाह्यली अन् त्यायच्या चपलेत अंगठा हालला. मी खाली पाहूनच घाबरलो.

बोली सुरू होत नाही तेवढ्यात मामाजीनं असा भाव पुकारला का बोलीवाल्याचा आवाजच बसला. व्यापाऱ्यायनं एकमेकाकडं पाह्यलं. एकानं बिडी पेटवली. सगळे मांगं सरकले.

मामाजी माह्याकडं वळून म्हणे, "पाह्यलं? एक नाही टिकला."

मी म्हटलं, "मामाजी, आता थो ढीग आपला झाला."

"कोणता?"

"हा. माह्यापेक्षा उंच आहे तो."

टेम्पो करून आणला. अंगणात संत्री, जिन्यावर संत्री, न्हाणीघरात संत्री. मामाजी खोलीत दार लावून बसले. अन् सासूबाई? तिनं साऱ्या गल्लीले हाका मारल्या. तिवारीजीचं घर आलं, वासूचे दोस्त आले, कधी न बोलणाऱ्या शेजारणी आल्या. अंगणात बसून सगळे सोलून राहिले, खाऊन राहिले, बिया उडवून राहिले. सासूबाई मधात बसली होती, पदरात सालं. दाराकडं तोंड करून म्हणे, "अहो, या ना बाहेर! पाहा कशी गर्दी जमली!"

आले नाही. खिडकीतून पाहत होते मात्र. म्या पाह्यलं.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई गेली. दुपारी पडल्या पडल्याच गेली.

त्यानंतर पहिल्याच रविवारी मामाजीनं सतरंजी टाकली. आमाले वाटलं, बरं आहे, मन रमंन. पत्ते वाटले. मामाजीनं पत्ते पाह्यले अन् शेरवानीचं बटण टाकलं. अंगठा शांत. आमी फेकले. पुढच्या डावात पुन्हा शेरवानीचं बटण. अंगठा शांत. पुन्हा फेकले. मामाजी हरएक डावात तेच करून राहिले होते, पत्ता असो का नसो. बटणं आपल्याकडं ओढत, अन् पुढचे पत्ते वाटा म्हणत. चहा कोणी विचारला नाही. स्वयंपाकघराच्या दारात निवडलेली भाजी नव्हती, अन् तिकडं पाठ करून मामाजी बसले होते.

असं अर्धा पावसाळा चाललं. अंगठा काही हालला नाही. एवढ्या दिवसात ह्या माणसाले एकदाही दोन एक्के आले नसतीन, असं कसं होईन? आले असतीन. अंगठ्यानंच नोकरी सोडली होती.

पहिले वासू गळला. म्हणे, रविवारी जिम लावली. मंग तिवारीजी गळले. म्हणे, "नथ्थू भैया, वहाँ बैठके करना क्या है? पत्ता देखो, फेको, मच्छर मारो. मच्छर तो मैं ठेले पे भी मारता हूँ."

राहिलो मी. मले कुठं उठाचं समजते?

मामाजी अन् मी, मधात मोठी सतरंजी. समोर एकच माणूस, म्हणजे त्यायच्या हिशेबानं सगळ्यात उत्तम खेळ. मी त्यायच्या बटणावर बटण टाकत जाओ, कधी जिंको, कधी हारो. हारलो तं ते "दुर्री" म्हणत, जिंकलो तं तेही म्हणत नव्हते. एका रविवारी त्यायनं पत्ते खाली ठेवले अन् म्हणे, "हे पत्ते जुने झाले गा. चिकटते." पत्ते नवे होते. मीच आणले होते.

घरी येऊन मंदाले सांगितलं. ती कणीक भिजवून राहिली होती. हात थांबवून म्हणे, "तुमाले माहीत आहे का, बाबा दर रविवारी कप सगळे धुऊन ठेवते. ताटलीत. सगळ्यायचे."

"मंग चहा काहून नाही करत?"

"तुमाले एवढंही समजत नाही?" ती म्हणे. मंग माह्याकडं पाहून म्हणे, "नाही समजत. जाऊ द्या. पोळ्याच्या सणाले सगळ्यायले बाबाकडं घेऊन या. मी पुरणाच्या पोळ्या करते. आईनं जमवलेलं थे घर बाबा एका बटणानं रिकामं करून राहिले. उद्या तुमीही उठसान, मंग त्यायनं भिंतीसंगं खेळाचं का?"

पोळ्याले आमच्याकडं पत्ते खेळाचा रिवाजच आहे. त्या दिवशी नाही कोण म्हणते? तरी तिवारीजीनं पान लावता लावता अट घातली. "मंदा बेटी की पूरनपोली के लिए आता हूँ. लेकिन बाबूजी ने आज भी भगाया ना, तो अपना राम राम. इतवार को फिर मैं ठेला ही खोलूँगा." वासूही तेच म्हणे, फक्त शिकलेला आहे म्हणून "बघू" म्हणे.

मंदानं बापाले तोंडावर सांगितलं. तिले माह्यासारखं घुमवणं येत नाही.

"बाबा, आज हाकललं तं हे लोक पुन्हा येणार नाही."

"खेळ म्हणजे खेळ," मामाजी म्हणे. "नियम मी नाही बनवला."

"नियम मूळ प्रतीचाही तुमी नव्हता बनवला. लोक तुमच्याच नावानं रडत होते."

मामाजी चष्मा पुसत बसले. काच फुटंन इतका पुसला.

जेवणं झाली. तिवारीजीनं पोळ्या अशा खाल्ल्या का त्यायले मांडी घालता येईना. सतरंजी पडली. मंदा हात पुसत आली अन् स्वयंपाकघराच्या दारात बसली. तिच्या आईच्या जागेवर. मामाजीनं तिकडं पाह्यलं. लय दिवसानं त्या दाराकडं तोंड करून बसले होते.

"तिथं काहून बसली?"

"मंग कुठी बसू?"

"खेळाले बस."

"मले येत नाही."

"जवाईबापूच्या बाजूले बस," ते म्हणे. "त्यालेही येत नाही."

बसली. मी तिले पत्ते धराले शिकवलं, वासूनं माही चूक सुधारून पुन्हा शिकवलं.

पहिला डाव. मामाजीनं शेरवानीचं बटण टाकलं. सगळ्यायनं फेकले. मंदानं विचारलं, "झालं? एवढाच खेळ?" दुसरा डाव. पुन्हा शेरवानीचं बटण. तिवारीजीनं पत्ते फेकले अन् दाराकडं पाह्यलं, आपली चप्पल कोणती ते. वासूनं मोबाईल काढला. मले वाटलं, संपलं. मामाजीच्या जवळ बटणायचा ढीग अन् भोवती कोणी नाही, काटोलसारखं.

तिसरा डाव मी वाटला. मामाजीनं आपले दोन पत्ते उचलले, कोपरा वाकवून पाह्यले, खाली ठेवले. चेहरा सरकारी.

अन् लुंगीच्या काठाजवळ, टुक.

मले वाटलं, भास झाला. पुन्हा, टुकटुक. मी मंदाले कोपर मारलं. मंदानं आधीच पाह्यलं होतं. वासूनं मोबाईल खाली ठेवला. तिवारीजी पाहत होते, तोंडातलं पान चघळाचं थांबलं होतं. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. टुकटुक, टुकटुक.

दोन एक्के. पक्के दोन एक्के. तिवारीजीनं लंबा श्वास सोडला अन् पत्ते फेकाले हात उचलला. वासूनंही. आता घसा खाकरणार, आता ठण् वाजणार, अन् आता तिवारीजी चप्पल घालणार.

मामाजीनं घसा खाकरला. शेरवानीचं बटण हातात घेतलं. चिमटीत धरून उगाच फिरवलं. मंग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाह्यलं, जिथं आता कोणी बसलं नव्हतं. बटण खाली ठेवलं. अन् शर्टाचं एक बारीक बटण, सगळ्यात चिल्लर, थे मधात सरकवलं.

"बसू द्या ना सगळ्यायले," ते म्हणे. "पत्ते का पळून चालले?"

तिवारीजीचा हात हवेतच होता, तो त्यायनं डोक्यावरून फिरवला अन् खाली घेतला. "बैठते हैं, बाबूजी," म्हणे. वासूनं बटण टाकलं. मंदानं टाकलं. मी टाकलं, मी तसंही टाकणारच होतो, माह्याकडं दुर्री-सत्ती होती.

मधात पत्ते उघडले. तिर्री, राजा, अठ्ठी. तिवारीजी "आहाहा" म्हणे, म्हणजे राजा लागला. मंग गुलाम. मामाजीनं फक्त बारीक बटण सरकवलं. सगळे राहिले. शेवटचा पत्ता, पंजी. तिवारीजीनं राजाची जोडी आपटली. वासूची अठ्ठ्यायची. माही रद्दी मी दाखवली, सगळे हसले, मी दाखवतोच त्यासाठी.

मंदानं आपले दोन पत्ते भीत भीत ठेवले. तिर्री अन् पंजी.

"हे चालते का?"

वासू ओरडला. "दोन जोड्या! ताई, दोन जोड्या!"

एवढे भंगार पत्ते. दुसऱ्या कोण्या दिवशी ते पहिल्याच बटणाले फेकले गेले असते. मंदानं बापाकडं पाह्यलं. "बाबा, चालते का?"

"चालते," मामाजी म्हणे. "दुर्रीच्या घरात राहून दुसरं का शिकशील वं?" अन् सगळी बटणं त्यायनं आपल्या हातानं तिच्याकडं ढकलली. मी म्हटलं, "मामाजी, तुमच्याकडं का होतं?"

मामाजीनं आपले दोन पत्ते उलटेच उचलले अन् गड्डीत खुपसले. मधात. नीट आत.

"काही नाही," ते म्हणे. "फालतू होते."

मंग उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. आत गेले. गंज चढवल्याचा आवाज आला, मोठा गंज. मंग आतूनच ओरडले, "साखर कोणाले कमी?"

आमी एकमेकाकडं पाहून राहिलो होतो. तिवारीजीनं डोळ्याले रुमाल लावला अन् सुपारी लागली असं काही तरी म्हणे.

ताटलीत सगळ्यायचे कप घेऊन मामाजी आले. चहा पाणचट होता, सासूबाईनं फेकून दिला असता. सगळ्यायनं पिला. मामाजी आपल्या जागेवर बसले, मांडी घातली, चेहरा सरकारी केला अन् म्हणे, "पाहत का बसले? वाटा पत्ते."

मी गड्डी उचलली. पत्ते अजून कोणाच्याच हातात नव्हते. अन् लुंगीच्या काठाजवळ अंगठा हालूनच राहिला होता.